सुभेदारसाहेबांची काचेची पलटण

"गुड मॉर्निंग. आज दोन कॅज्युअल्टी. उरलेली स्ट्रेन्थ चौदा."

सकाळी सातला हा फोन आला तेव्हा मी सांगलीत, माझ्या स्वयंपाकघरात, बायकोनं निवडायला दिलेली मेथी पुढ्यात घेऊन बसलो होतो. फोन कुंडलहून होता. बोलणारे एक निवृत्त सुभेदार होते. आणि कॅज्युअल्टी म्हणजे दोन काळे मॉली मासे. तीन आठवड्यांपूर्वी मीच ते त्यांच्या टाकीत सोडले होते.

"कोण गेलं?" बायकोनं घाबरून विचारलं.

"मासे."

"परत? तुमच्या दुकानातनं मासा जिवंत बाहेर पडतो ना, की नुसताच रंगीत?"

माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. टाक्या विकतो, मासे विकतो, आणि बोलावलं तर घरी जाऊन टाकी लावूनही देतो. वीसेक वर्षं हाच धंदा. गावाकडं मला सगळे 'मासेवाले' म्हणतात, त्यानं घोळ होतो. पहिल्यांदा कुंडलला सुभेदारसाहेबांच्या दारात गाडी लावली तेव्हा शेजारच्या एक आजी पातेलं घेऊनच आल्या होत्या. माझ्या हातातल्या पिशवीत बोटाच्या पेरापेक्षा लहान मासे बघून म्हणाल्या, "आरं, एवढ्याश्यात कुणाचं भागायचं?"

ही टाकी साहेबांची मुलगी वर्षा हिनं घेतली होती. ती साताऱ्यात शिक्षिका. वडील रिटायर होऊन गावी आले आणि त्यांचं बीपी वाढलं. हुकूम द्यायला कोणी नाही, हुकूम घ्यायला कोणी नाही. उसातल्या वाटेनं कोण गेलं, पाटाचं पाणी कुणी तोडलं, यावर दिवसभर आवाज चढलेला. डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी द्या. वर्षानं कुठंतरी वाचलं होतं की मासे बघत बसलं की बीपी उतरतं. तिनं मला फोनवर फोटो पाठवले. निऑन टेट्रा, एंजल आणि दोन गोल्डफिश.

आता हे तिन्ही एका टाकीत ठेवणं म्हणजे एकाच खोलीत मांजर, उंदीर आणि म्हैस ठेवण्यासारखं. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं, बाकीच्यांना कोमट. मला हे माहीत होतं. पण गिऱ्हाईक उत्साहात असलं की धंदेवाईक माणसाचं तोंड जरा उशिराच उघडतं. माझं उघडलंच नाही.

पहिली तुकडी बारा दिवसांत संपली.

तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात कारण शोधलं होतं. साहेबांच्या चहाच्या पातेल्यात आतून पांढरा थर होता. "हे बघा," मी म्हणालो, "तुमचं बोअरचं पाणी जड आहे. यात क्षार फार. निऑन हा मऊ पाण्यातला मासा, त्याला हे सोसत नाही. टाकीला मासा शोभेल असं बघू नका, माशाला पाणी सोसेल असं बघा." वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो.

मग जड पाण्यात मजेत राहणाऱ्या जाती निवडल्या. मॉली, गप्पी, प्लॅटी. हे आमच्या धंद्यातले गरीब, कष्टाळू मासे. लग्नाच्या हॉलमध्ये, दाताच्या दवाखान्यात, कुठंही जगतात. मी वीस सोडले आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "हे मरायचं म्हणाले तरी मरणार नाहीत."

तर त्यातले आता चौदा उरले होते.

त्या दुपारी वर्षाचाही फोन आला. "काका, बाबांचं बीपी टाकी आणल्यापासून वाढलंय. ते जेवत नाहीत नीट. या रविवारी मी येतेय. मासे मरायचे थांबले नाहीत तर टाकी घेऊन जाते."

मी संध्याकाळीच कुंडलला गेलो. पाणी तपासायचं किट नेलं. अमोनिया नाही, काही नाही. पाणी एकदम छान. खाणं विचारलं. चिमूटभर, दिवसातून एकदा, वेळ ठरलेली. थर्मामीटर पाहिला. ठीक. पण चार माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके होते. त्याला व्हाइट स्पॉट म्हणतात. माशाला गारठा बसला, तो घाबरला, दमला की हा रोग धरतो. इथं त्यांना घाबरवणार कोण? टाकीसमोर बसलेले साहेब तर एवढे शांत होते की मलाच भीती वाटली.

"मासेवाले," ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. बर्फात राहिलो. माझ्या निष्काळजीपणानं एका पोराचं बोट बी कापलं न्हाई. आणि हितं ही बोटभर जनावरं माज्या हातात मरत्यात."

शालनकाकू, म्हणजे साहेबांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या. "मागं जास्वंदीच्या बुडात पुरत्यात एकेक. जास्वंद लय फुलल्या बगा."

"तू गप गं."

"मी कशाला गप? ह्या माणसाला म्हटलं, म्हस पाळा. म्हस आजारी पडली तर वरडती तरी."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही टाकीचं नक्की काय काय करता?"

"असं सांगून कळायचं न्हाई. उद्या पहाटे साडेपाचला या. ड्रिल डोळ्यांनी बगा."

माझ्या बायकोनं मला लग्नानंतर पहिल्यांदाच चार वाजता आपणहून उठताना पाहिलं. तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

कुंडलला पोचलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. साहेब स्वेटर, कानटोपी घालून तयार. बरोबर साडेपाचला त्यांनी दिवा लावला, जाळी हातात घेतली आणि एकेक मासा मोजत बादलीत काढला. "एक... दोन... तीन..." मासे काचेवर डोकी आपटत पळत होते. चौदा झाले. मग नळी लावून सगळं पाणी मोरीत सोडलं. खडे परातीत काढले, काथ्यानं घासले, तीन पाण्यांतून धुतले. फिल्टरमधला स्पंज काढला आणि काकूंच्या कपड्याच्या ब्रशनं असा चोळला, असा चोळला, की तो नव्यापेक्षा पांढरा झाला. काच आतून-बाहेरून कागदानं पुसली. मग अंगणातल्या ड्रममधलं रात्रभर गारठलेलं पाणी भरलं. मी बोट घातलं आणि काढलं. त्यात चौदा मासे सोडले. ते तळाशी जाऊन एका कोपऱ्यात दाटीवाटीनं थरथरत उभे राहिले.

एकूण पस्तीस मिनिटं. इतकी स्वच्छ टाकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या दुकानातली तर सोडाच.

"हे... कधी कधी करता?" मी विचारलं.

"कवा कवा म्हंजे? रोज."

"रोज?"

"एक दिवस चुकला न्हाई. बहिणीच्या नातवाचं बारसं हुतं विट्याला, तवा बी आदी हे करून मग गेलो."

"पण रोज करायला कुणी सांगितलं?"

साहेबांनी कपाटातून एक वही काढली. पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. पाणी रोज बदलणे. खडे घासून धुणे. स्पंज स्वच्छ पांढरा होईपर्यंत धुणे. आणि खाली, रेघ मारून: आदेश देणार, मासेवाले.

मला अंगणातल्या त्या ड्रममध्ये उडी मारावीशी वाटली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही. आठवड्यानं थोडं पाणी बदला असं सांगितलं तर लोक दोन महिन्यांनी बदलतात. महिन्यानं स्पंज पिळा म्हटलं तर दिवाळीला पिळतात. म्हणून आम्ही सगळं वाढवून सांगतो. 'रोज' म्हटलं की माणूस आठवड्यानं करतो. 'पांढरा होईपर्यंत' म्हटलं की निदान नळाखाली धरतो. इतक्या वर्षांत 'रोज' हा शब्द मी शेकडो लोकांना सांगितला आणि एकानंही पाळला नाही. त्याच भरवशावर माझा धंदा चालला होता. सुभेदारसाहेबांनी पाळला.

टाकी लोणच्यासारखी असते. मुरावी लागते. माशांच्या विष्ठेतून पाण्यात विष तयार होतं, आणि ते खाऊन टाकणारे सूक्ष्म जिवाणू हळूहळू स्पंजमध्ये, खड्यांवर घर करतात. महिनाभर लागतो. जो तपकिरी मळ दिसतो ना, त्यातच त्यांची वस्ती. साहेब रोज पहाटे ती वस्ती ब्रशनं घासून मोरीत सोडत होते. रोज नवं पाणी, म्हणून माझं किट 'सगळं छान' म्हणत होतं. आणि मासे बिचारे रोज जाळीत, रोज बादलीत, रोज गार पाण्यात. मॉली काय, मीसुद्धा आठवड्यात गेलो असतो.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. थंडीवर ढकलता आलं असतं. 'यंदा गारठा जास्त, हीटर बसवू,' एवढं म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती. तोंडात वाक्य तयारही होतं. पण साहेब माझ्याकडं असे बघत होते जसा एखादा मुलगा निकालाकडं बघतो. आणि तळाशी ते चौदा मासे.

"साहेब," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. वाढवून सांगायची सवय, मुरलेली टाकी, जाळीची भीती, गार पाणी, सगळं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. साहेबांचा चेहरा हलला नाही. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी परात उचलली. मला वाटलं, आता ही परात माझ्या डोक्यात येते.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "हुकूम चुकीचा हुता."

"होय."

"अंमलबजावणीत कसूर न्हाई."

"अजिबात नाही, साहेब. असली अंमलबजावणी मी जन्मात बघितली नाही."

ते काकूंकडं वळले. "ऐकलंस?"

"ऐकलं व्हय," काकू म्हणाल्या. "मासे मारलं, पन एकदम बरोबर मारलं."

साहेब मोठ्यानं हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

मग त्यांनी वही पुढं केली. "नवा हुकूम लिवून द्या. मोघम नगं."

मी आयुष्यात पहिल्यांदा खरं-खरं लिहिलं. मासे बाहेर काढू नयेत. आठवड्यातून एकदा, रविवारी, दोन बादल्या पाणी काढावे व दोन बादल्या घालावे, त्यात थोडे ऊन पाणी मिसळून. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. खडे धुऊ नयेत. एरवी काही करू नये.

"काही करू नये म्हंजे काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"बसून बघायचं."

"किती वेळ?"

"...एक तास," मी म्हणालो. मोघम नको होतं ना.

व्हाइट स्पॉटचं औषध दिलं, हीटर लावून दिला आणि टाकीत पाणवनस्पतींची दोन झुडपंही खोचली. पुढचे तीन आठवडे माझी परीक्षा होती. "काचेवर हिरवं धरलंय. पुसू?" "नको." "स्पंज पिवळा पडला." "पडू दे, चांगलं लक्षण." "आज पाणी जरासं धुरकट हाय. हात शिवशिवत्यात." "खिशात घाला." एकदा काकूंनीच फोन केला. "आवं मासेवाले, ह्यास्नी दुसरं काय तर काम द्या की. टाकीला हात लावायचा न्हाई म्हटल्यावर माज्या फडताळात शिरल्यात. सगळं डबं उंचीनं उभं केल्यात. जिऱ्याचा डबा घावंना झालाय मला!"

वर्षा त्या रविवारी आली होती, पण टाकी नेली नाही. वहीतला नवा हुकूम वाचून ती म्हणाली, "बघू महिनाभर."

औषध लागू पडेपर्यंत आणखी दोन गेले. मग थांबलं. बारा उरले ते उरले. महिन्यानं बीपी तपासलं, ते उतरलं होतं. डॉक्टरांनी गोळीला श्रेय दिलं, वर्षानं माशांना. आणि एका सकाळी सातला परत फोन वाजला.

"मासेवाले, हजेरी जुळंना."

"किती कमी?"

"कमी न्हाई. काल बारा हुते. आज एकतीस मोजलं, आणि झुडपात अजून हाईत."

मॉली अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालते, आणि सुखात असली की दर महिन्याला घालते. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आता कुंडलमध्ये ज्याच्या घरी बरणी आहे त्या प्रत्येकाकडं सुभेदारसाहेबांची पिल्लं आहेत, आणि प्रत्येकाला लेखी हुकूमही आहे.

मी या सगळ्यातून एवढंच शिकलो की सल्ला देण्याआधी तो घेणारा कसा आहे ते विचारावं. हल्ली टाकी बांधून देण्याआधी मी विचारतो, "आपण काय करता?" फौजी म्हणाला की मी अचूक आकडा सांगतो आणि लिहून सही करतो. परवा एक बँकेतले गृहस्थ आले होते. म्हटलं, यांनाही खरंच सांगून बघू.

"आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी बदला."

"पंधरा दिवसांनी चालेल ना?" त्यांनी पिशवी उचलता उचलता विचारलं.

"तुम्ही रोज बदला," मी म्हणालो.