काकांची मोटर चालू झाली की

तीर्थपुरीत आमचं आणि काकांचं घर एकाच भिंतीला आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या खोलीत मी हौसेनं लाकूड कोरणारं सीएनसी मशीन बनवलं. लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली, बाकीचं ऑनलाइन मागवलं. कॉम्प्युटरवर काढलेली वेलबुट्टी पहिल्यांदा सागाच्या फळीवर उतरली, तेव्हा बायकोला हाक मारून दाखवली.

पुढं ते मधेच थांबायला लागलं. कोरणारं टोक फळीच्या मध्यावर असायचं आणि कॉम्प्युटर दाखवायचा, टोक कडेला पोचलं की मशीन थांबवणारा स्विच दाबला गेला. त्या स्विचला कुणी शिवलेलंही नसायचं. स्विच बदलले, वायरी लांब नेल्या, कंट्रोलर नवा घातला. काही फरक नाही. मंग लक्षात आलं, शेजारी काकांच्या बोअरची मोटर चालू झाली की मशीन थांबतं.

एका दुपारी झाडताना बायकोचा हात चौकटीला लागला. ती झटकन मागं सरली.

"हात लावू नका त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "झिणझिण्या आल्या."

मशीन तर बंद होतं, नुसती पिन सॉकेटमध्ये होती. चौकटीला टेस्टर लावला, दिवा लागला. फ्रिजला लावला, गिझरला लावला. सगळीकडं तोच बारीक लाल दिवा. मी मेन स्विच पाडला. तरी दिवा लागतच होता.

म्हणजे करंट आमच्या घरातला नव्हता. दोन्ही घरांची अर्थिंग एकच होती, काकांच्या हौदाजवळ पुरलेली. मी पळतच तिकडं गेलो. मोटर चालू होती, पाइपातून हौदात पाणी पडत होतं आणि काका धोतर वर खोचून, हातात ब्रश घेऊन आत उतरायच्या बेतात होते. मी आधी स्टार्टर बंद केला, मंग बोललो.

काका म्हणाले, "म्हैस हौदाकडं जाऊन राह्यली न्हाई. मला वाटलं, शेवाळ झालं आसंल."

पुढं दोन्ही घरांना वेगळी अर्थिंग करून घेतली. मशीन आता सलग चालतं. पण मेकॅनिकनं मोटर वर ओढली ती दुपार डोळ्यासमोरून जात नाही. बोअरच्या पाइपाला घासून केबलचं तांबं उघडं पडलं होतं. आम्ही सगळे ते वाकून बघत होतो. काकू मागं उभ्या होत्या.

"नातवंडं परवाच जालन्याला गेली," त्या म्हणाल्या. "रोज ह्याच हौदात बसायची."

मेकॅनिक केबल गुंडाळत राहिला.