मान न हलवणारी आक्का

आमच्या बेंबळी गावची आक्का कधी उगाच मान हलवत नसे. ऐकू न येणारी माणसं समोरच्याचं तोंड थांबलं की मान हलवतात. कळलं म्हणून नाही, कटकट संपावी म्हणून. बँक, तहसील, दवाखाना, सगळ्यांचा कारभार अशा माना हलवून घेऊनच चालतो. आक्का, माझी थोरली मावशी, जन्मापासून बहिरी. कळलं नाही की ती दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवायची आणि समोरच्याकडं बघत राहायची. घाम त्याला फुटायचा.

लहानपणी ती सोलापूरला बहिऱ्या मुलांच्या शाळेत होती. हातांची भाषा तिथं शिकली. पुढं गावात ब्लाउज शिवले, गेल्या वर्षी वय होऊन गेली तोवर शिवले. मी ती भाषा तिच्या मशीनशेजारी बसून उचलली. तिच्या हातांत थट्टाही भरपूर. गावातल्या प्रत्येकाला तिनं एक खूण देऊन ठेवली होती. सरपंचाची खूण म्हणजे नुसतं पोट.

घराबाहेर तिच्या वतीनं बोलायचा मामा, तिचा धाकटा भाऊ. जीव लावणारा माणूस, पण कापाकापी आक्कापेक्षा तोच जास्त करायचा; ती कापड कापायची, हा बोलणं. एकदा उमरग्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ काहीबाही समजावलं. मामानं एकच खूण केली, गोळ्या खा. आक्कानं मला विचारलं, "मग इतका वेळ काय गोळ्यांची नावं पाठ म्हणून दाखवत होता?"

पुढं आक्काच्या पोटात गाठ झाली, ती वाढली तेव्हा धाराशिवच्या एका मोठ्या दवाखान्यात गर्भपिशवी काढायचं ठरलं. ठरलं म्हणजे मामाचं आणि डॉक्टरांचं ठरलं. आक्काची फक्त सही हवी होती. तिनं तळवे पालथे ठेवले.

"तिला समदं कळतंय साहेब," मामा म्हणाला, "म्या सांगतो की."

मी म्हटलं, मी सांगते. आक्कानं मलाही अडवलं. "तू रडशील. मला तुझं रडणं दिसेल, डॉक्टरचं बोलणं दिसणार नाही. हातांची भाषा शिकलेला दुभाष्या आणा."

मी दवाखान्याच्या अधीक्षकांकडं गेले. घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला, असं ते म्हणाले. मी विचारलं, ऐकू येणाऱ्या बाईचा आजार तुम्ही परस्पर तिच्या भावाला सांगून मोकळे होता का? आणि होत असाल, तरी ती दाराआडून ऐकते. आक्कानं कुठून ऐकायचं? कायद्यात सोय लिहिलेली आहे, ती काय वाचून सोडून देण्यासाठी? मी त्यांच्या दारातून हलले नाही. ऑपरेशन पुढं गेलं, मामानं माझ्याशी बोलणं टाकलं, डॉक्टर वैतागले. अखेर दवाखान्यानं सोलापूरहून एक शिकलेल्या दुभाषी बाई बोलावल्या.

बाई डॉक्टरांच्या शेजारी, आक्काच्या समोर बसल्या. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी हातांनी सांगणार, एवढंच म्हणाल्या. डॉक्टर बोलू लागले. गाठ केवढी, काढली तर काय, नाही काढली तर काय, धोका कशाचा. मधेच मामा सवयीनं पुटपुटला, "एवढं कशाला सांगताव हिला? भिऊन मरंल ती."

बाईंनी तेही सांगितलं.

आक्का थबकली. आयुष्यभर तिच्या डोक्यावरून गेलेलं असलं बोलणं तिला पहिल्यांदा दिसलं होतं. ती मामाकडं वळली. हात तिचे चालले होते, आवाज बाईंचा येत होता, पण मामा बघत होता आक्काकडंच.

"भिईन की. माझं पोट हाय, माझं मी भिईन. तू बाहेर बस, चहा पी."

मामा उठला. मग तिनं डॉक्टरांना प्रश्न विचारले, मनात साठलेले सगळे, मशीनचं पायडल कधीपासून मारता येईल इथपर्यंत. डॉक्टरांनीही शेवटी खुर्ची पुढं ओढून घेतली. सही करायला तिनं पेन घेतलं. मी तिचा हात धरायला गेले. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.