चौथं चाक

आमच्या ह्यांची जीप वडापाची होती, म्हणजे माणसं भरून न्यायची. शाहूवाडीच्या डोंगरात ज्या वाड्यांवर एसटी फिरकत नाही, तिथं ती जायची. बाजाराला निघालेल्या बायका, त्यांची कोंबडी, तांदळाची पोती आणि टपावर दोन-तीन हौशी गडी. हे सगळं घेऊन ती कण्हत कण्हत चढायची आणि हे गाणं म्हणत चालवायचे. बेसूर म्हणायचे. मी तोंडावर सांगत असे.

पावसाळ्यात तिथला तांबडा चिखल असा की चाक जागेवरच गरगरतं. त्यावर ह्यांची युक्ती ठरलेली होती. डांबरी संपली की उतरायचं आणि चारी चाकांची हवा थोडी सोडायची. चाक मऊ झालं की पसरतं आणि चिखल धरतं. परतताना डांबरीला लागलं की सीटखालचा पायपंप काढायचा आणि उभं राहून धपाधप हवा भरायची. पंक्चरचं दुकान होतं ते पार बाजारच्या गावात, आणि मऊ चाकावर भरली गाडी तिथवर नेली तर टायरची वाट लागते. लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीपासून, मी हेच बघत आले होते. घामाघूम होऊन पंप मारणारा माणूस दिसला की मी ओरडायची, "अवो, दम खावा की जरा!" ते हसायचे आणि आणखी जोरात मारायचे.

मग पुढं काही वर्षांनी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची परवानगीही दिली, पण पायपंप बंद म्हणून बजावलं. एसटीनं परत येताना घराजवळ आल्यावर हे म्हणाले, "पंप न्हाय तर वाडी न्हाय. आन् वाडी न्हाय तर मी काय करू? घरात बसून तुझी बोलणी खाऊ?" जीप सुटली असती तर तो माणूस चार महिन्यांत खचला असता, आणि पायपंप राहिला असता तर त्याआधीच. तेव्हा मीच शोध काढला की बॅटरीवर चालणारा पंप मिळतो.

आमच्यात पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत. त्यामुळं आधी ते दिवस सरू दिले. घटस्थापना झाल्यावर आम्ही दोघं कोल्हापूरला, शाहूपुरीतल्या एका दुकानात गेलो. जाताना मी सुतळीचा तुकडा पिशवीत टाकला होता. जीपच्या बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंत सुतळी धरून मी गाठ मारली होती, कारण पंप चांगला आणि वायर तोकडी, असा व्यवहार मला नको होता.

दुकानदारानं आधी एक छोटा, दिसायला गोड पंप काढला. "ह्यो घ्या पावणं. सिगारेट लायटरच्या भोकात घातला की सुरू."

"आमच्या गाडीत बिडीसुदीक काडीनं पेटती," हे म्हणाले.

दुसरा जरा दणकट होता. त्याला बॅटरीला लावायचे दोन चिमटे होते, एक तांबडा, एक काळा, आणि हवेचा काटा मोठा, चष्म्याशिवाय दिसेल असा. मी सुतळी काढून वायर आणि नळी मिळून मापली. गाठीच्या पुढं वीतभर उरली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कापड घ्यायला आलाय व्हय?" मी म्हटलं, "नवऱ्यासाठी घेतीया, मापूनच घेणार की."

त्यानं दुकानातल्या बॅटरीला चिमटे लावून पंप चालू केला. तो टेबलावर बेडकासारखा थरथरत सरकू लागला. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघितलं. "तापतोय की ह्यो."

"जीपचं चाक मोठं हाय, तापणारच. एक चाक झालं की जरा दम खाऊ द्यायचा, मग दुसरं."

"ऐकलंस का?" हे माझ्याकडं वळून म्हणाले. "माझाच भाऊ हाय." किती दिवसांनी ते तसे मोकळे हसले. येताना खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

घरी आल्यावर खोकं देव्हाऱ्याशी ठेवलं. खंडेनवमीला आमच्याकडं विळ्या-कोयत्यांपासून गाडीपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि नवं हत्यार त्याआधी कामाला लावायचं नाही, ही घरातली रीत. नवमी आठवड्यावर होती. ह्यांनी हळदीकुंकवाचं बोट खोक्याला लावलं आणि म्हणाले, "पूजा झाली की काढू. तवर दोन-चार खेपाच तर हायत, जुन्यावर भागवू." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वर्षानुवर्षं तसंच करत आलो होतो. हत्याराचा मान राखायचा म्हणे! ज्या पायानं इतकी वर्षं पंप मारला, त्या पायाचा मान कुणी राखला?

नवमीच्या आधीच्या बाजाराला परतीचा पाऊस झोडपून गेला होता. हे वाडीवरून माणसं घेऊन उतरले, डांबरीला लागले आणि जुना पायपंप काढला. गाडीतल्या बायकांनी मला नंतर सांगितलं. तीन चाकं झाली. चौथ्याच्या तोंडावरचं टोपण त्यांनी काढलं आणि म्हणाले, "जरा दम खातो." मैलाच्या दगडावर टेकले. सगळ्यांना वाटलं, आता उठतील. टोपण त्यांच्या मुठीत होतं.

जन्मभर माझं ऐकलं नाही आणि ऐकलं ते त्या दगडावर.

दुसऱ्या एका वडापवाल्यानं जीप सावकाश आणून आमच्या अंगणात लावली. नवमीला सगळं गाव गाड्या धूत होतं. झेंडूच्या माळा, लिंबू-मिरच्या, पोरांचा दंगा. आमच्या घरात सुतक, म्हणजे पूजा नाही. आणि अंगणात ती जीप मागच्या एका चाकावर कललेली. ते मला बघवेना. देव्हाऱ्याशी जाऊन मी खोकं उचललं.

दीर आडवे आले. "वहिनी, सुतक हाय. पूजा बी न्हाय झाली त्येची."

"ज्याला वापरायचा होता त्यो गेला," मी म्हटलं. "आता कशाची पूजा करताय? गाडी चालू करा."

त्यांनी गाडी चालू केली. मी चिमटे लावले, तांबड्याला तांबडा. वायर आणि नळी मागच्या चाकापर्यंत आरामात पोचली, वीतभर उरली. पंप थरथरला, काटा हलला आणि ते बसलेलं चाक माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू उभं राहिलं. हातपाय हलवावे लागले नाहीत. हुंदका आला तो मी दाबला नाही.

चाक टणक झाल्यावर मी पंप बंद केला आणि पाठीवर हात ठेवला. चांगलाच तापला होता. आता भरायला दुसरं चाक नव्हतं, तरी मी त्याला तिथंच चाकाशेजारी सावलीत ठेवलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले.

"खा," म्हटलं, "दम खा जरा."