आठ दिवस उरले होते

माझ्या अर्जावर त्यानं चहाचा ओला कप ठेवला. शाई पसरली. "चार बुकं शिकली न् मामावर केस करती व्हय?" त्याच्या ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

हा मामा सख्खा नव्हे. लेबर कॉन्ट्रॅक्टर, आमच्याच तालुक्यातला. चाकणला पॅकिंगच्या कामावर त्यानंच लावलं, कुरुळीत खोलीही त्यानंच बघून दिली. म्हणून आम्ही बाया त्याला मामा म्हणायचो. आणि मामाला लेखी मागायचं नसतं. लेखी म्हणजे नातं तोडणं. काम सुटलं तेव्हा त्यानं शेवटचा पगार आणि साठलेला ओव्हरटाइम अडकवला. मी तोंडीच मागत राहिले.

तो कधी नाही म्हणाला नाही. "दिवाळीनंतर बघू." "कंपनीचं बिल निघू दे." दिवाळ्या गेल्या. दर खेपेला चहा पाजायचा, लेकरांची चौकशी करायचा. निघताना हळूच विचारायचा, "कुठं कागद-बिगद दिला न्हाईस ना?" मला वाटायचं, माणूस बदनामीला भितो.

शेजारच्या ताई युनियनचं काम करतात. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन वर्षं होतील."

त्यांनी तारीख विचारली, बोटांवर मोजलं. "दाव्याला तीन वर्षांचीच मुदत असते गं. तुझे आठ दिवस उरलेत."

त्यांनी तिथंच अर्ज लिहून दिला. तो घेऊन मी सरळ लेबर ऑफिसला जायचं. पण मी मूर्ख, आधी मामाकडे गेले. आपल्या माणसाला न सांगता कसं द्यायचं? तिथंच तो कप.

हसणं थांबल्यावर तो पुढं वाकला. मायेनं बोलला. "आठ दिवस दम धर पोरी. समदं देतो."

आठ. मी त्याला आकडा सांगितलाच नव्हता.

हा माणूस तीन वर्षं मला चहा पाजत होता आणि मनात दिवस मोजत होता. मी अर्ज उचलला.

"तुजा नवरा अजून माझ्याच पासवर कंपनीत जातो," तो म्हणाला. "ध्यानात हाय ना?"

"हाय," मी म्हणाले, आणि निघाले. त्याला मामा म्हणाले नाही.

त्याच दुपारी लेबर ऑफिसात नवा अर्ज दिला. शिक्क्याची पोच घेतली. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला पास बंद झालाय म्हणून नवऱ्याला गेटवरूनच परत पाठवलं. तो घरी आला, भिंतीला टेकून बसला. माझ्याशी अजूनही नीट बोलत नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

पण आमच्या लाइनवरच्या तिघींचे पैसेही त्याच्याकडेच अडकलेत. त्या माझ्यानंतर सुटल्या, त्यांची मुदत बाकी आहे. त्यांनाही तो दिवाळीनंतर बघू म्हणालाय. उद्या मी तिघींना घेऊन लेबर ऑफिसला जाणार आहे. वाटेत त्याच्याकडे थांबणार नाही.