काकांचं नितळ सिरप

बाटली उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "गाळ आहे." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत मी वर्क परमिटवर आलो, साल दोन हजार चार, तेव्हा शेजारच्या काकांची ही सवय तीस वर्षांची होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या लघवीतला गाळ तपासण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर तीच नजर त्यांनी मेपल सिरपवर रोखली.

मागच्या गार्डनमध्ये मेपलचं झाड होतं. फेब्रुवारीत त्याला भोक पाडून नळी लावायची आणि बादलीभर रस आटवून वाटीभर सिरप करायचं. वाफेने किचनचा वॉलपेपर सुटून आला, तरी तळाशी रसातल्याच क्षारांची बारीक रेती बसायचीच. काकूंच्या चक्क्याच्या फडक्यातून गाळून पाहिलं, तर सिरपला श्रीखंडाचा वास आला आणि रेती होती तिथेच. भाड्याच्या तुकड्यावर भाजी पिकवणाऱ्या अलॉटमेंटवाल्यांच्या प्रदर्शनात परीक्षक बाईंनी कार्डावर 'गढूळ' एवढंच लिहिलं. काका दोन दिवस धड जेवले नाहीत.

त्यात काकांना डायबिटीस. स्वतःच्या सिरपचा थेंबही त्यांनी कधी चाखला नाही. सगळा कारभार डोळ्यांचा.

पुढच्या वर्षी त्यांना आठवलं, गावाकडे आई गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची. काकांनी आपली दाढीची तुरटी घेतली आणि सिरपमध्ये चांगली पाच मिनिटं फिरवली. सिरप असं नितळ झालं की बाटलीपलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं.

प्रदर्शनात बाई बाटली पाहून खूश झाल्या. चमचाभर तोंडात घातलं आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. पाणीही खुणेनंच मागितलं.

"बघ," काका माझ्या कानात म्हणाले, "शब्द सुचत नाहीयेत त्यांना."

बाई सभ्य होत्या. कार्डावर 'नितळपणा उत्तम' लिहून चवीची जागा त्यांनी कोरी ठेवली. काकांनी कार्ड फ्रेम करून लाउंजमध्ये लावलं.

त्याच संध्याकाळी काकूंनी मला दम भरला, "त्यांना कळता कामा नये." मग दर रविवारी मी आणि काकू गरम पोळीवर ते सिरप घेऊन खायचो. काका समोर बसून कसं झालंय विचारायचे. मी मान डोलवायचो, कारण जीभ टाळ्याला चिकटलेली असायची. चार वर्षं हे चाललं. माझा त्या माणसावर फार जीव होता, एरवी कोण खाईल?

काका गेले. पंधरा दिवसांनी काकूंनी मला जेवायला बोलावलं. दोघांच्या पोळीवर सिरप ओतलं.

"काकू, आता कशाला?"

"तीन बाटल्या उरल्यात. टाकवत नाहीत."

आम्ही खात बसलो. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. पदराने डोळे पुसत काकू म्हणाल्या, "या खेपेला तुरटी जरा जास्तच झालीय."