फळीला ठेवलेली माया

माझ्या शेजारच्या गाळ्यात लाकूड कोरायचं राउटर मशीन चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. वयाने मोठी असलेली गिऱ्हाइकंसुद्धा ताईच म्हणतात आणि मीही. मी सुतार. आमच्या दोन गाळ्यांत एकच भिंत, त्यामुळे तिकडे मशीन सुरू झालं की इकडे माझ्या डब्यातले खिळे खुळखुळतात.

ताईंचं अर्धं आयुष्य कापडात गेलं. कपड्यांच्या कारखान्यात त्या कटिंगला होत्या. कारखाना बंद पडला, त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या भावाने हे मशीन आणलं होतं. संगणकावर आकृती काढायची आणि मशीनने ती लाकडात कोरायची. भावाला मशीन आवडलं, पण त्याच्यासमोर उभं राहणं काही जमेना. त्याला बोलायला आवडतं. गिऱ्हाइकाने चंद्र मागितला तरी तो "झालंच समजा" म्हणतो, म्हणून गल्लीत त्याचं नावच 'झालंच' पडलंय. झालंच काम घेऊन येतो आणि ते खरोखर कसं व्हायचं, याची काळजी ताई वाहतात.

गाळ्याच्या वरच्या दोन खोल्यांत ही भावंडं आईसोबत राहतात. आई एकेकाळी अशा बोलक्या की जिन्यात भेटल्या तर हातातली पिशवी खाली ठेवूनच ऐकावं लागायचं. मग त्यांचे हात थरथरायला लागले. ताट सरकायचं, वाटी कलंडायची. कोणी चकार शब्द काढला नाही, तरी त्या सगळ्यांच्या मागाहून, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून जेवायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, आत्ता भूक नाही.

ताईंनी एका उरलेल्या फळीत ताट, वाटी आणि पेला घट्ट बसतील असे खळगे कोरले, खाली रबर लावलं आणि ती फळी आईसमोर ठेवली. आई फणकारल्या, "मला काय रांगतं पोर समजलीस?" दोन-चार दिवस त्यांनी फळीकडे ढुंकून पाहिलं नाही. मग वापरायला लागल्या, पण स्वयंपाकघरातच.

एकदा रबर बदलायला ताईंनी ही फळी गाळ्यात आणली होती, तेव्हा ती एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी पाहिली. त्या दारावरची पाटी करून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्याकडेही बरीच मंडळी हात थरथरतो म्हणून आपापल्या खोलीत एकटी जेवायची. सगळ्यांना एकत्र बसवता येईल असं लांब टेबल, त्यात प्रत्येकाच्या जागी असे खळगे, आणि सांडलेलं पाणी मांडीवर येऊ नये म्हणून कडेने एक चर, असं त्यांना हवं होतं. आणि टेबल एकसंध. दोन टेबलं जोडली तर सांध्यात खरकटं अडकतं, शिवाय दोन टेबलं म्हणजे दोन गट, आणि गट झाले की रुसवेफुगवे आले, असं त्यांचं म्हणणं.

झालंचने नेहमीचंच उत्तर दिलं. टेबल दहा फुटी हवं होतं. मशीनचा बेड, म्हणजे फळी ठेवायचा पाट, चार फुटी.

बाई गेल्यावर भावंडांची जुंपली. दोन तुकडे करून खालून पट्टी मारू, कोण बघतंय, असं झालंच सांगत होता. ताईंनी ते ऐकून घेतलं. मशीन पुढून-मागून उघडं होतं, म्हणजे फळी दोन्हीकडे बाहेर काढता येत होती. त्या म्हणाल्या, "कापड नेहमी टेबलापेक्षा लांबच असतं. आम्ही कापड सरकवायचो, टेबल नव्हतो वाढवत."

आधी प्लायवर करून पाहिलं. बेडच्या दोन्ही बाजूंना मी बेडच्याच उंचीचे घोडे करून दिले, बाहेर आलेलं टोक लोंबू नये म्हणून. मशीनच्या कडेला लावलेल्या पट्टीला प्लाय टेकवला, पहिला भाग कोरला, पेन्सिलची खूण जुळवून प्लाय पुढे ढकलला आणि दुसरा भाग कोरला. दोन भाग भेटले तिथे चराला पायरी पडली होती. नखाएवढीच, पण डोळ्यात खुपणारी. तिसऱ्या भागाला ती आणखी वाढली.

पट्टी वाकडी असेल म्हणून मी तपासली. पट्टी सरळ होती. मग ताईंनी मशीनमध्ये पात्याच्या जागी पेन्सिल बसवली आणि पट्टीच्या कडेने रेघ ओढायला लावली. एका टोकाला रेघ पट्टीला चिकटून होती, दुसऱ्या टोकाला दोघींमध्ये फट पडली होती. मशीन एका दिशेने जात होतं आणि पट्टी किंचित दुसऱ्या. दर खेपेला प्लाय तेवढाच तिरका सरकत होता.

"कापडाच्या काठावर कधी विसंबले नाही मी," ताई स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "आणि इथे डोळे मिटून पट्टीला टेकवत बसले."

त्यांनी पट्टी काढून टाकली. आता मशीन ज्या रेषेत चालतं, त्याच रेषेत त्याच्याकडूनच भोकं पाडून घ्यायची, फळीत आणि खालच्या बेडमध्ये. एक भाग झाला की फळी उचलून पुढे न्यायची, तिची मागची भोकं बेडच्या पुढच्या भोकांवर आणायची आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. म्हणजे फळी किती सरकली ते मशीनला नेमकं ठाऊक, आणि तिरकं व्हायला वावच नाही.

मी विचारलं, "पण जेवणाच्या टेबलाला भोकं?"

"माया ठेवायची," त्या म्हणाल्या. शिवणीसाठी सोडलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात, हे मला माहीत होतं. पण फळीला माया मी पहिल्यांदाच ऐकली. मी फळी चार बोटं जास्त रुंद केली. भोकं त्या जास्तीच्या भागात पडणार होती आणि शेवटी तेवढी पट्टी मी कापून टाकणार होतो.

पहिला भाग सुरेख झाला. दुसराही. पायरी शोधायला मी चरातून बोट फिरवलं, सापडली नाही. शेवटच्या भागासाठी मी आणि झालंचने फळी सरकवली, खुंट्या ठोकल्या, मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने ताईंनी लाल बटण दाबलं. फळीखाली भुशाचा गोळा अडकला होता, त्यामुळे ती एका बाजूने उचलली गेली होती. वाटीचा एक खळगा एकीकडे उथळ, दुसरीकडे खोल झाला होता.

"कोणाला कळणार आहे?" झालंच म्हणाला.

"वाटी ठेवणाऱ्याला कळेल."

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. त्यांना असं हात टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मशीन का थांबलं म्हणून आई वरून खाली आल्या. त्यांनी खळग्यात हात फिरवला. हात थरथरत होता आणि आम्ही तिघेही पाहत होतो, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

"मोठा कर याला," त्या म्हणाल्या. "वाटी कशाला हवी? माझ्यासारखीला वाडगाच बरा पडतो. दोन्ही हातांनी धरता येतो."

आपल्या हातांबद्दल आई पहिल्यांदाच बोलल्या होत्या. ताईंनी मान हलवली, भुसा झाडला, फळी पुन्हा नीट बसवली आणि खळगा रुंद करून सगळीकडून सारखा खोल केला.

मी माया कापून टाकली, पाय लावले, पॉलिश केलं. न्यायच्या दिवशी टेम्पोला उशीर झाला. सगळ्यांना भुका लागल्या होत्या. ताईंनी जेवण खालीच आणलं आणि आम्ही त्याच टेबलाला बसलो. आईंनी मोठा खळगा गाठला, सगळ्यांच्या मधोमध. टेम्पोवालाही आला, तोही बसला. आईंच्या पेल्यातलं थोडं पाणी सांडलं आणि चरातून मुकाट्याने पुढे गेलं. झालंच भरल्या तोंडाने टेम्पोवाल्याला काहीतरी रंगवून सांगत होता, तर आईंनी त्याला आधी घास गिळायला सांगितलं आणि मग आपल्याच लग्नातली एक गोष्ट सुरू केली. ती इतकी लांबली की शेवटी टेम्पोवालाच घड्याळ पाहायला लागला.

व्यवस्थापक बाईंना ताईंनी मोठ्या खळग्याचं कारण न लपवता सांगितलं. त्यांनी हरकत घेतली नाही. पण आता त्या जागेसाठी दोन आजोबांची रोज कुरबुर होते म्हणे, आणि आणखी एक तसा खळगा करून मिळेल का, असं त्या विचारत होत्या. झालंचने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "आधी टेबल बघते."