पहिल्याच उत्तरातले खोटे

प्रिय मैत्रिणींनो,

आज मुंबईच्या बोटीने एक लुगडे, केशराची पुडी आणि बाळीचे चांदीचे वाळे आले. हमाली दोन आणे. बाळीचे वडील मात्र आले नाहीत.

मागल्या आठवड्यात त्यांनी पत्रातून कोडे घातले होते. तीन प्रश्न, तीन उत्तरे, त्यांतले एक खोटे. चैत्र शुद्धातल्या एका तिथीला मी घरी येणार का? होय. त्या तिथीला नवाने भाग जातो का? होय. तिची दुप्पट अठरा होते का? होय.

मी पाटी घेतली. दुसरे उत्तर खोटे धरले तरी तिसऱ्यावरून नवमीच निघते, तिसरे खोटे धरले तरी दुसऱ्यावरून नवमीच. म्हणजे रामनवमीला येणार! सासूबाईंना सांगितले, साऱ्या आळीला सांगितले. सहा महिन्यांच्या बाळीला त्यांनी अजून पाहिलेलेही नाही. आज उपाशीपोटी, देवळातला रामजन्म चुकवून, तिला कडेवर घेऊन मी बंदरावर उभी राहिले.

बोटीवरची माणसे किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरले ते धाकटे दीर. हसत म्हणाले, "वहिनी, दादानं सांगितलंय, ती बंदरावर दिसली तर म्हण, मॅट्रिक झालेली बायको माझी, पहिलं उत्तर तपासायचं विसरली वाटतं!"

गणितात चुकले, कबूल. दुसरे खोटे असते तर तिसरेही खोटेच ठरले असते, आणि शुद्धात नवाने भाग जाणारी तिथी नवमीच, म्हणून तिसरे खोटे असते तर दुसरेही; उरले पहिलेच, हे मला दिसायला हवे होते. पण 'येणार' हे मी कोड्यात धरलेच नव्हते ग. तो मला नवऱ्याचा शब्द वाटला.

तुम्ही त्या उत्तराचा संशय घेतला असता का? उलट टपालाने कळवा, आणि खरे तेच कळवा.